हडसनच्या कांठच्या सुईणी



राजांच्या जन्मतिथि बखरींत सांपडतात. परंतु त्या राजाला ज्या हातांनीं प्रथम उचलून घेतलें, त्या हातांचें नांव क्वचितच सांपडतें. सुईणीची विद्या आईकडून मुलीकडे, वडीलधारीकडून धाकटीकडे तोंडींच चालत आली. तिचे ग्रंथ झाले नाहींत, कीं तिच्या परीक्षा झाल्या नाहींत. पुढें दवाखाने, दाखले आणि कायदेकानू यांचा काळ आला. "तुमची विद्या सुरक्षित आहे याला पुरावा काय?" असा प्रश्न तेव्हां सुईणीला विचारण्यांत आला. तिच्यापाशीं सांगण्यासारखें पुष्कळ होतें, पण दाखविण्यासारखें कांहींच नव्हतें. आज मी आपणांस अशा एका प्रदेशाची हकीकत सांगणार आहें कीं, जेथील सुईणींनीं हा पुरावा स्वतः जमविला, स्वतः मोजला आणि जगापुढें मांडला. प्रदेश आपल्यापासून फार दूरचा आहे. परंतु त्यांतील प्रश्न ज्या ज्या देशांत आडवाटेचीं खेडीं आहेत, त्या त्या देशाचा आहे.

कॅनडा देशांत क्वेबेक नांवाचा एक विस्तीर्ण प्रांत आहे. त्याच्या उत्तरेकडील, म्हणजे ५५ व्या अक्षांशापलीकडील भागाला नुनाविक असें म्हणतात. पश्चिमेस हडसनचा उपसागर, उत्तरेस हडसनची सामुद्रधुनी आणि ईशान्येस उंगावाचा उपसागर अशा या लांबच लांब किनाऱ्यावर अवघीं चौदा गांवें वसलेलीं आहेत. एका गांवाहून दुसऱ्या गांवाला जाणारा रस्ता नाहीं, आणि दक्षिणेकडील शहरांना जाणाराही नाहीं. उन्हाळ्यांत जहाजें माल घेऊन येतात. एरव्हीं विमान हाच आधार, आणि हवा बिघडली कीं तोही तुटतो. येथील रहिवासी इनुइट होत. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतून 'एस्किमो' या नांवानें आपला त्यांच्याशीं परिचय झाला; परंतु तें नांव परक्यांनीं ठेवलेलें. 'इनुइट' या त्यांच्या स्वतःच्या शब्दाचा अर्थ 'माणसें' एवढाच आहे.

हे लोक शिकारीच्या मागें ऋतूप्रमाणें स्थलांतर करीत असत, तेव्हां मुलें तळावरच जन्मत. कधीं कातड्याच्या तंबूंत, तर कधीं बर्फाच्या घरांत. अनुभवी स्त्रिया बाळंतिणीपाशीं बसत. त्यांना गर्भाची ठेवण हातानें चांचपून कळे, कळा मंदावल्या तर काय करावें हें ठाऊक असे, आणि वार पडावयास उशीर लागला तर त्याचीही समज असे. जन्माच्या वेळीं बाळाची नाळ कापणाऱ्या स्त्रीला त्या भाषेंत 'सनायिक' म्हणतात. 'घडविणारी' असा त्या शब्दाचा आशय आहे. तिचें आणि त्या मुलाचें नातें जन्मभराचें. मुलगा मोठा होऊन पहिली शिकार करी ती तिला द्यावयाची, मुलीच्या हातचें पहिलें शिवणकाम तिलाच अर्पण व्हावयाचें. या काळाचें चित्र केवळ गोड रंगांनीं रंगविणें मात्र सत्याला सोडून होईल. माता दगावत, तान्हीं मुलें दगावत. आणि वडीलधाऱ्या सुईणींना त्याचा विसर कधींच पडला नव्हता.

१९५० नंतरच्या दोन दशकांत हीं कुटुंबें तळ सोडून कायमच्या गांवांत स्थिरावलीं. सरकारनें शाळा काढल्या, परिचारिकांचीं लहान लहान आरोग्यकेंद्रें उघडलीं. या परिचारिकांपैकीं कित्येकींना प्रसूतिविद्या अवगत होती; तेव्हां कांहीं काळ बाळंतपणें गांवांतच, केंद्रावर होत राहिलीं. पण १९७० नंतर धोरण पालटलें. प्रत्येक गर्भवतीनें प्रसूतीसाठीं दक्षिणेकडील रुग्णालयांत गेलें पाहिजे, असा परिपाठ पडला. हडसनच्या कांठच्या स्त्रिया विमानानें मूस फॅक्टरी या ठिकाणीं, किंवा त्याहूनही पुढें माँट्रियल शहरीं जाऊं लागल्या. पुविर्निटुक गांवाहून मूस फॅक्टरी सुमारें १००० किलोमीटर दूर, आणि माँट्रियल सुमारें १६०० किलोमीटर. दिवस भरण्यापूर्वीं कित्येक आठवडे आधीं निघावयाचें, आणि मूल झाल्यावर परतावयाचें.

या धोरणामागें दुष्टपणा होता असें म्हणतां येणार नाहीं. शस्त्रक्रियेची सोय, रक्ताचा सांठा आणि तज्ज्ञ डॉक्टर जेथें आहेत तेथें स्त्री सुरक्षित, असा सरळ हिशेब त्यांत होता. पण त्या हिशेबाच्या वहींत कांहीं रकमा मांडल्याच गेल्या नव्हत्या. घरीं राहिलेल्या लहान मुलांचें कोणीं पाहावयाचें? जिची भाषा आसपास कोणालाच कळत नाहीं, जिला ओळखीचें अन्न मिळत नाहीं, जिच्यापाशीं नवरा नाहीं कीं आई नाहीं, ती स्त्री त्या आठवड्यांत कोणत्या मनःस्थितींत राहते? बाप आपल्या मुलाला प्रथम पाहतो तें विमानतळावर. नाळ परक्या हातांनीं कापली, म्हणजे सनायिकेचें नातें कोणाशीं जुळावयाचें? आणि गांवांत एकही बाळंतपण झालें नाहीं, तर तरुण मुली ही विद्या कोठें पाहणार? वीस वर्षें जर एखाद्या गांवांत कोणी जन्मलेंच नाहीं, तर त्या गांवांत सुईणही उरत नाहीं. विद्या नाहींशी होण्यास तिच्यावर बंदी घालावी लागत नाहीं. तिचें काम काढून घेतलें म्हणजे पुरतें.

१९७५ सालीं जेम्स उपसागर व उत्तर क्वेबेक यांविषयींचा करार झाला आणि त्यानुसार आरोग्याच्या कारभारांत इनुइट लोकांना आपल्या संस्थांद्वारें हात घालण्याची संधि मिळाली. पुविर्निटुकच्या स्त्रियांनीं त्या संधीचा लाभ घेतला. आम्हांला रुग्णालय हवें, डॉक्टरही हवेत, पण बाळंतपण गांवांत हवें आणि तें करणाऱ्या सुईणी आमच्यांतल्या हव्यात, अशी त्यांची मागणी होती. १९८६ सालीं तेथील इनुलित्सिविक आरोग्यकेंद्रांत प्रसूतिगृह सुरू झालें. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या वेळीं क्वेबेक प्रांतांत सुईणीच्या व्यवसायाला कायद्याची मान्यताच नव्हती. प्रांताच्या राजधानींत जें बसत नव्हतें, तें प्रांताच्या टोंकाला सुरू झालें. व्यवसायाचा कायदा झाला तो पुढें १९९९ मध्यें. आणि यथावकाश इनुइट सुईणींच्या शिक्षणक्रमालाही मान्यता मिळाली.

हा शिक्षणक्रम कसा होता तें थोडें सांगितलें पाहिजे. दक्षिणेहून अनुभवी सुईणींना पाचारण करण्यांत आलें, परंतु तें मुख्यतः शिक्षिका म्हणून. विद्यार्थिनी गांवानें निवडावयाच्या. त्यांनीं घरदार सोडून शहरांत जावयाचें नाहीं. ज्या प्रसूतिगृहांत काम तेथेंच शिक्षण. गर्भवतीची तपासणी, प्रसूति, बाळ-बाळंतिणीची शुश्रूषा हें सर्व अनुभवी सुईणीच्या नजरेखालीं करीत करीत शिकावयाचें, आणि एकेक कौशल्य पक्कें झालें म्हणजे पुढच्याकडे वळावयाचें. बोलणें आपल्याच इनुक्तितुत भाषेंत. गांवांतील वृद्ध स्त्रिया आपले अनुभव सांगत, आणि शिक्षिका रक्तदाब, रक्तस्राव, अर्भकाचा श्वास यांचें आधुनिक शास्त्र शिकवीत. असें कित्येक वर्षें शिकून मुली तयार होत. पुढें १९९८ मध्यें इनुकजुआक येथें आणि २००४ मध्यें सालुइट येथें अशींच प्रसूतिगृहें उघडलीं.

आतां कोणी विचारील, कीं या गांवांत शस्त्रक्रियेची सोय आहे काय? नाहीं. पोट फाडून मूल काढण्याची वेळ आली तर बाईला विमानानें दक्षिणेस न्यावें लागतें. हवा अनुकूल असली तरी त्यांत कित्येक तास जातात, आणि वादळ असलें तर हवेची वाट पाहावी लागते. हा धोका या सुईणींनीं कधीं दृष्टीआड केला नाहीं. त्यांनीं एक समिति नेमली. तींत सुईणी, डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसतात, आणि नेतृत्व सुईणींकडे असतें. दिवस भरत आले कीं प्रत्येक गर्भवतीचा विचार या समितीपुढें होतो. रक्तदाब, पूर्वीचीं बाळंतपणें, गर्भाची स्थिति हें तर पाहतातच. परंतु ही बाई दूर गेली तर तिच्या घराचें काय होईल, तिची स्वतःची इच्छा काय आहे, हेंही पाहतात. कोणाला गांवांत ठेवावयाचें आणि कोणाला वेळेवर दक्षिणेस पाठवावयाचें, तें अशा रीतीनें ठरतें. दूर पाठविण्याचेंही धोके असतात आणि तेही तराजूंत घातले पाहिजेत, हें या समितीचें मुख्य तत्त्व होय.

येथवर ही एका चांगल्या प्रसूतिगृहाची हकीकत झाली. तशीं प्रसूतिगृहें इतरत्रही निघालीं आणि पैशाच्या किंवा मर्जीच्या अभावीं बंदही पडलीं. नुनाविकचें वैशिष्ट्य पुढेंच आहे. या सुईणींनीं प्रत्येक प्रसूतीची नोंद ठेवली. किती स्त्रिया गांवांत बाळंत झाल्या, किती जणींना हलवावें लागलें, कोणत्या कारणानें, रक्त किती गेलें, मूल किती आठवड्यांचें, वांचलें कीं दगावलें, हें सर्व त्यांत आहे. आणि मग त्या नोंदी कपाटांत न ठेवतां त्यांनीं त्यांचा अभ्यास मांडला. इनुकजुआक येथील १९९८ ते २००२ या वर्षांतील प्रसूतींचा अहवाल २००४ मध्यें ध्रुवप्रदेशाच्या आरोग्याला वाहिलेल्या एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांत ब्रेंडा एपू ही इनुइट सुईण आहे. २००७ मध्यें जो विस्तृत निबंध निघाला, त्यांत एपू यांच्या जोडीला ज्युली नास्तापोका ही दुसरी इनुइट सुईण आहे. टोरांटो येथील विद्यापीठांत प्रसूतिविद्या शिकविणाऱ्या व्हिकी व्हॅन वॅग्नर यांनीं या सुईणींसमवेत काम केलें आणि त्यांच्यासमवेतच लिहिलें. ज्यांच्याविषयीं आजवर परकेच लिहीत आले, त्यांच्यांतील स्त्रियांचीं नांवें आतां निबंधाच्या माथ्यावर आलीं.

सर्वांत महत्त्वाचा निबंध २०१२ सालचा. त्यांत २००० ते २००७ या काळांतील १३७२ प्रसूति आणि १३८२ बालकें यांचा हिशेब आहे. त्यांपैकीं शेंकडा ८६ स्त्रियांची प्रसूति नुनाविकमध्येंच झाली. शेंकडा ८५ प्रसूति सुईणींनीं केल्या. शेंकडा ९७ प्रसूति नैसर्गिक रीतीनें पार पडल्या. सुमारें शेंकडा ९ प्रसंगीं आईला किंवा बाळाला तातडीनें हलवावें लागलें; त्याचीं मुख्य कारणें अकालीं सुरू झालेल्या कळा आणि गर्भवतीचा वाढलेला रक्तदाब हीं होतीं. चार बालकें गर्भांतच दगावलीं आणि पांच जन्मानंतर. प्रसूतीनंतर अधिक रक्तस्राव झाल्याची नोंद शेंकडा १५ हून थोड्या अधिक स्त्रियांच्या बाबतींत आहे. हा शेवटचा आंकडा लहान नाहीं, आणि त्यांनीं तो लपविलाही नाहीं. आपली बाजू मांडण्यासाठीं हिशेब लिहिणारा मनुष्य गैरसोयीचे आंकडे तळटीपेंत ढकलतो. येथें ते उघड मांडलेले आहेत, आणि त्यामुळेंच बाकीच्या आंकड्यांवर विश्वास बसतो.

या आंकड्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा अभ्यास मागील नोंदींवर आधारलेला आहे. दोन सारखे गट करून, एकाला दूर पाठवून आणि दुसऱ्याला घरीं ठेवून केलेली ती तुलना नव्हे. लोकसंख्या थोडी असल्यामुळें एखाद्या वर्षीं दोन मृत्यु अधिक झाले तरी प्रमाण एकदम बदलतें. तेव्हां सर्व जगांतील सर्व खेड्यांत शस्त्रक्रियेच्या सोयीवांचून बाळंतपणें करावींत, असा अर्थ यांतून काढणें चुकीचें होईल. जें सिद्ध होतें तें एवढेंच, पण तें थोडें नाहीं: कीं शिकलेली सुईण, तिच्या पाठीशीं असलेले डॉक्टर, नीट चालणारी समिति आणि वेळेवर मिळणारें विमान हीं चारही असलीं, तर दूरच्या गांवांतही बाळंतपण सुरक्षितपणें होऊं शकतें. 'सुरक्षितपणासाठीं तुम्हांला घर सोडावेंच लागेल' या म्हणण्याला अशा रीतीनें आंकड्यांनींच उत्तर मिळालें. २०१० मध्यें कॅनडांतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनेंही आदिवासी, ग्रामीण व दूरच्या वस्त्यांमध्यें बाळंतपणें पुन्हां नेलीं जावींत, असें धोरण जाहीर केलें.

आतां मुख्य प्रश्न. हे आंकडे एखाद्या शहरी पंडितानें जमविले असते तर काय बिघडलें असतें? मला वाटतें, आंकडे कदाचित् तेच निघाले असते. पण प्रश्न निराळे विचारले गेले असते. बाहेरचा अभ्यासक शस्त्रक्रियागृह किती तासांवर आहे हें मोजतो, आणि तें मोजलेंच पाहिजे. गांवची सुईण त्यापुढें जाऊन विचारते, कीं दूर पाठविलेल्या बाईच्या मागें तिच्या मुलांचें काय झालें, आणि ज्या गांवांत जन्म होत नाहीं त्या गांवांत जगण्याची उमेद कशी टिकते. शिवाय बायका कोणापाशीं काय बोलतील हेंही त्यावर अवलंबून असतें. जिनें आपल्या बहिणीचें बाळंतपण केलें, तिला बाई आपल्या भाषेंत जें सांगेल, तें चार दिवसांसाठीं वही घेऊन आलेल्या पाहुण्याला दुभाष्याच्या तोंडून कळणार नाहीं. पूर्वीं असे पाहुणे पुष्कळ आले, मोजमापें घेऊन गेले, आणि त्यांनीं काय लिहिलें तें गांवाला बहुधा कळलेंच नाहीं. म्हणूनच २०१८ मध्यें कॅनडांतील इनुइट लोकांच्या राष्ट्रीय संस्थेनें संशोधनाविषयीं स्वतःचें धोरण प्रसिद्ध केलें. आमच्याविषयींच्या संशोधनाचा कारभार आमच्या हातीं असावा, पैसा आमच्या गरजांप्रमाणें खर्चावा, आणि जमविलेल्या माहितीवर हक्क आमचा असावा, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे.

परंतु हक्क सांगितल्यानें संशोधन आपोआप होत नाहीं. सुईणीचें जीवन कसें असतें याचा क्षणभर विचार करा. दिवसा तपासण्या, रात्रीं हांक आली कीं धांवावयाचें. तिला स्वतःचीं मुलेंबाळें आहेत. आणि गांव एवढें लहान कीं, कोणाचें बाळ दगावलें तर तें बहुधा तिच्याच नात्यांतलें. अशा स्त्रीकडून आपण निबंधाची अपेक्षा करावयाची, तर तिला कांहीं दिलें पाहिजे. पहिली गोष्ट, वेळ: तिच्या जागीं दुसरी सुईण उभी राहील तेव्हांच तिला वहीपुढें बसतां येईल. दुसरी, वेतन: संशोधनाचे तास हे कामाचेच तास मानले पाहिजेत. तिसरी, सोबत: आंकडेशास्त्र आणि निबंधलेखन जाणणारें कोणी तिच्या शेजारीं बसलें पाहिजे, मात्र शेजारींच, खुर्चीवर चढून नव्हे. चौथी, माहितीची मालकी: नोंदवही गांवाची राहिली पाहिजे. आणि पांचवी, निष्कर्ष प्रथम त्याच गांवांत, त्याच भाषेंत वाचून दाखविले गेले पाहिजेत. पदवी किंवा दाखला देऊन जी मुलगी गांवीं परत पाठविली, तिला यांपैकीं कांहींच दिलें नाहीं, तर ती सुईण म्हणून कदाचित् उत्तम काम करील. परंतु तिचें ज्ञान पूर्वीप्रमाणें पुन्हां तोंडींच राहील, आणि पुढचा अधिकारी आला कीं तिला पुन्हां तोच जुना प्रश्न विचारील.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटूं नये. १८८६ च्या मार्च महिन्यांत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉ. आनंदीबाई जोशी एम्. डी. झाल्या. त्या पदवीसाठीं त्यांनीं निबंधाला विषय कोणता निवडला? आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या. चौदाव्या वर्षीं ज्या मुलीचें पहिलें बाळ दहा दिवसांचें होऊन गेलें, तिनें सातासमुद्रांपलीकडे जाऊन आपल्याच लोकांतील बाळंतपणाचा विषय अभ्यासाला घेतला, हें सहज घडलें नाहीं. १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, त्यांचें निधन झालें. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील नेमणूक त्यांची वाट पाहत राहिली, आणि तो अभ्यास पुढें नेण्याची संधि त्यांना कधींच मिळाली नाहीं. त्या निबंधाला बरोबर शंभर वर्षें झालीं त्या सालीं पुविर्निटुकचें प्रसूतिगृह उघडलें. या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं. पण दोन्हीकडे ओढ एकच दिसते. आपल्या लोकांच्या बाळंतपणाविषयीं जें लिहावयाचें, तें आपल्यांतल्या स्त्रीनें शिकून, पारखून लिहावें, ही ती ओढ होय.

आनंदीबाईंना प्रतिभा होती, पण आयुष्य लाभलें नाहीं आणि मागें उभी राहणारी संस्थाही नव्हती. हडसनच्या कांठच्या सुईणींच्या मागें गांव उभें राहिलें, आरोग्यकेंद्र उभें राहिलें, आणि बरोबरीनें लिहिणाऱ्या मैत्रिणी मिळाल्या. एकटीच्या बुद्धीवर जें टिकत नाहीं, तें अशा आधारावर पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. म्हणून कोणत्याही देशांत आदिवासी किंवा ग्रामीण मुलींना प्रसूतिविद्या शिकविण्याची योजना निघाली, तर किती मुली उत्तीर्ण झाल्या एवढेंच विचारून थांबूं नये. त्या परत गेल्यावर त्यांच्या वेळेची, वेतनाची आणि नोंदवहीची काय व्यवस्था केली आहे, हेंही विचारावें. त्या उत्तरावरून योजनेची खरी परीक्षा होईल.